क्राउन हाइट्स १९९१ : दोन्ही बाजू नीट मांडायच्या म्हणजे नेमकं काय करायचं?

विश्रामबागकर (सांगली)

नमस्कार मंडळी. सांगलीतल्या एका दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय. विषय : ऑगस्ट १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या क्राउन हाइट्स वस्तीत कृष्णवर्णीय आणि ज्यू यांच्यात पेटलेलं प्रकरण. मर्यादा ३००० शब्द. संपादकांची अट एकच : "दोन्ही बाजूंना समान जागा, कुणी दुखावता कामा नये."

आराखडा असा केला की हजार शब्द कृष्णवर्णीयांची बाजू, हजार ज्यूंची, उरलेल्यात पार्श्वभूमी. पण खर्डा पुढे सरकत नाही. अडचणी अशा :

सुरुवात अपघातापासून केली तर लेख एका बाजूचा वाटतो, खुनापासून केली तर दुसऱ्या. "दंगल" म्हणावं, "संघर्ष" म्हणावं की "हल्ला"? आपल्या पेपरांसारखं "दोन गटांत" म्हणून समाजांची नावं टाळावीत का? आणि त्या रात्री ज्या अफवा पसरल्या त्या लेखात घ्यायच्या की गाळायच्या?

पहिला परिच्छेद असा झालाय, बिनधास्त फाडा :

"१९ ऑगस्ट १९९१ रोजी ज्यू धर्मगुरूच्या ताफ्यातील गाडीने एका कृष्णवर्णीय बालकाला चिरडले. संतप्त कृष्णवर्णीय समाज रस्त्यावर उतरला. त्यात एक ज्यू विद्यार्थी मृत्युमुखी पडला. दोन्ही समाजांत तीन दिवस संघर्ष सुरू राहिला व अनेक जण जखमी झाले."

माणदेशी (दहिवडी)

हजार-हजारची वाटणी आधी मोडा. या प्रकरणात तीन वेगळ्या गोष्टी एकात एक अडकल्या आहेत आणि तिन्हींना एकच तराजू चालत नाही.

पहिली, अपघात. सोमवार, रात्री साधारण ८.२०. प्रेसिडेंट स्ट्रीट आणि युटिका अव्हेन्यूचा चौक. लुबाविच या ज्यू पंथाचे गुरू मेनाकेम मेंडेल श्नीरसन दफनभूमीवरून परत येत होते. तीन गाड्या, पुढे पोलिसांची गाडी. तिसरी गाडी चौकात दुसऱ्या एका गाडीला धडकली आणि फुटपाथवर चढली. तिथे गेव्हिन केटो हा ७ वर्षांचा मुलगा सायकलची चेन बसवत होता. तो गेला. त्याच्याच वयाची चुलत बहीण अँजेला गंभीर जखमी झाली. इथे तुमचं काम फक्त एवढंच : काय ठरलं आणि काय ठरलं नाही हे वेगळं ठेवणं. चालकाच्या मद्यचाचणीत काही निघालं नाही. ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, त्याच्यावर आरोप ठेवायला नकार दिला. सिग्नल नेमका कोणता होता आणि वेग किती होता यावर प्रत्यक्षदर्शींत मतभेद राहिले. ही तिन्ही वाक्यं लेखात हवीत, आणि एकापाठोपाठ हवीत. पहिली दोन घेऊन तिसरं गाळलं की केटो कुटुंबावर अन्याय, तिसरं घेऊन पहिली दोन गाळली की चालकावर.

दुसरी, त्यानंतरची हिंसा. अपघातानंतर तीन तासांनी, ११.२० च्या सुमारास, तिथून जवळच यांकेल रोझेनबाम या २९ वर्षांच्या माणसाला तरुणांच्या टोळक्याने गाठून भोसकलं. मेलबर्न विद्यापीठाचा संशोधक विद्यार्थी. ताफ्याशी किंवा त्या गाडीशी त्याचा कसलाही संबंध नव्हता. ज्यू होता, एवढंच. पहाटे २.३० ला तो गेला. पुढचे तीन दिवस दगडफेक, जाळपोळ, लूट. नोंदीप्रमाणे १५२ पोलीस आणि ३८ नागरिक जखमी, किमान १२९ अटका, त्यांत १२२ कृष्णवर्णीय आणि ७ गोरे. या भागात "दोन्ही बाजू" शोधत बसाल तर खोटं लिहाल. ७ चा आकडा द्या, जरूर द्या. पण १२९ मधले ७ म्हणजे निम्मे नव्हेत.

तिसरी, आधीची वीस-पंचवीस वर्षं. खऱ्या अर्थाने दोन बाजू आहेत त्या इथे, आणि शब्दही इथेच खर्च करा. वस्तीत साधारण ८० टक्के कृष्णवर्णीय, त्यात कॅरिबियन बेटांतून आणि गयानातून आलेले खूप, आणि लुबाविच दहाएक टक्के. कृष्णवर्णीयांची तक्रार : त्यांच्या गुरूला पोलिसांचा ताफा, सणावारी त्यांच्यासाठी रस्ते बंद, घरं विकण्यासाठी आमच्यामागे तगादा, नगरपालिकेत त्यांचं वजन. ज्यूंची तक्रार : रस्त्यावरची लूटमार, येताजाता मारहाण आणि शिवीगाळ. १९५०-६० च्या दशकांत बहुतेक गोरी कुटुंबं, त्यातले इतर ज्यूसुद्धा, वस्ती सोडून गेली. लुबाविच मात्र गुरूच्या सांगण्यावरून तिथेच राहिले. हे न सांगता "मूठभर ज्यू कृष्णवर्णीयांच्या वस्तीत घुसले" असा सूर लावणारे लेख सापडतील, त्यांच्यापासून सावध.

जागा किती द्यायची याचं माझं माप : अपघात ४००, हिंसा ७००, आधीची वर्षं ११००, कोर्टकचेऱ्या आणि चौकशी ६००. उरलेले २०० संपादकांना कापायला ठेवा, ते कापणारच.

मिरजेचा तंबोरा

फक्त "दोन गटांत" बद्दल. ही पद्धत आपल्याकडे का आली ते आठवा. दंगल चालू असताना सकाळच्या पेपरात नाव छापलं की संध्याकाळी दुसऱ्या गल्लीत दगड पडतो. सप्टेंबर २००९ मध्ये, ऐन गणेशोत्सवात, अफजलखान वधाच्या कमानीवरून मिरज पेटली आणि लोण सांगली-इचलकरंजीपर्यंत गेलं. तेव्हा बातमीत हात आखडता घेण्याला अर्थ होता. तुमचा लेख तीस वर्षांनंतर, समुद्रापलीकडच्या घटनेवर. इथे "एका गटातील गुरूच्या गाडीने दुसऱ्या गटातील बालकाला" असं लिहिलंत तर वाचकाला ओ की ठो कळणार नाही, आणि कोण कुणावर चालून गेलं हेच नेमकं झाकलं जाईल.

एक विनंती. मिरजेची तुलना लेखात आणू नका. वाचक ती मनातल्या मनात करणारच. तुम्ही छापून केलीत तर मिरजेत कोण म्हणजे कोण, हा वाद लेखावर बसेल आणि क्राउन हाइट्स बाजूला राहील.

खिळेजुळारी (सातारा)

तुमचा परिच्छेद घेतो. चार वाक्यं आहेत, चारही दुरुस्तीला आली आहेत.

"चिरडले" : या क्रियापदाला हेतूचा वास आहे. मोटारीने माणूस चिरडला म्हणताना आपण मनात चालकाला शिक्षा देऊन मोकळे झालेले असतो. साधं "गाडी फुटपाथवर चढली, तिच्याखाली सापडून ठार झाला" लिहा. आणि बालकाला नाव आहे, ते द्या.

"संतप्त कृष्णवर्णीय समाज रस्त्यावर उतरला" : लाखाच्या वर वस्ती, अटका १२९. समाज कसा उतरेल? जमाव उतरला. "संतप्त" हे विशेषणही काढा. आपल्याकडे दगड मारणारा नेहमी संतप्तच असतो, कधी नुसता दगड मारणारा नसतो.

"त्यात एक ज्यू विद्यार्थी मृत्युमुखी पडला" : सगळ्यात वाईट वाक्य हे. "त्यात" म्हणजे कशात? मारलं कुणी? पहिल्या वाक्यात कर्ता ठळक आणि तिसऱ्यात कर्ता गायब, म्हणजे झुकतं माप आपोआप पडलं. असे लेख बहुतेक क्रियापदात घसरतात. मतं सगळे जपून मांडतात, क्रियापदाकडे कुणी बघत नाही.

"दोन्ही समाजांत संघर्ष" : याबाबतीत आरी गोल्डमन यांचं उदाहरण बघा. १९९१ मध्ये ते न्यूयॉर्क टाइम्सचे वार्ताहर म्हणून त्या रस्त्यांवर होते. २०११ मध्ये त्यांनी जाहीरपणे लिहिलं की आपण फोनवरून जे सांगत होतो आणि दुसऱ्या दिवशी जे छापून येत होतं त्यात फरक होता. कार्यालयाने "कृष्णवर्णीय आणि ज्यू एकमेकांना भिडले" अशी चौकट आधीच ठरवली होती आणि तपशील तिच्यात बसवले गेले. समतोल दिसावा म्हणून केलेली ही चौकट. वार्ताहर चुकला नव्हता, मथळा आणि मांडणी चुकली होती. तुमच्या अंकातही नेमकी हीच जागा धोक्याची आहे.

आता परिच्छेद असा करून बघा :

"१९ ऑगस्ट १९९१, रात्री ८.२० च्या सुमारास लुबाविच गुरूंच्या ताफ्यातली शेवटची गाडी चौकात दुसऱ्या गाडीला धडकून फुटपाथवर चढली. तिच्याखाली सापडून गेव्हिन केटो हा ७ वर्षांचा मुलगा ठार झाला. त्याचे आईवडील गयानातून आलेले. ज्यूंच्या रुग्णवाहिकेने जखमी मुलांना टाकून चालकाला नेलं अशी बातमी जमावात पसरली. तीन तासांनी, जवळच, तरुणांच्या टोळक्याने यांकेल रोझेनबाम या मेलबर्नहून आलेल्या २९ वर्षांच्या ज्यू विद्यार्थ्याला भोसकलं. पहाटे तो मरण पावला. पुढचे तीन दिवस जमावाने ज्यूंची घरं, गाड्या आणि पोलिसांवर हल्ले केले."

तपासायची युक्ती : परिच्छेद झाला की गेव्हिन आणि यांकेल या दोघांची वाक्यं शेजारी शेजारी ठेवा. दोघांना नाव आहे का, वय आहे का, कुठून आले ते आहे का, काय घडलं याला नेमकं क्रियापद आहे का? चारही रकाने दोघांचे भरलेले असले म्हणजे झालं. "अपघातात ठार" आणि "भोसकलं" ही दोन क्रियापदं सारखी नाहीत आणि ती सारखी करायचीही नाहीत.

"संघर्ष" हा शब्द तिसऱ्या भागासाठी, म्हणजे आधीच्या वर्षांच्या कुरबुरींसाठी राखून ठेवा. तीन दिवसांसाठी "दंगल" चालेल. "पोग्रोम" (ज्यूंवर जमावाने केलेला सामूहिक हल्ला) हा शब्द त्या वेळी अनेकांनी वापरला, काही इतिहासकारांना तो पटत नाही, कारण झारच्या रशियातल्या पोग्रोमांना सत्तेची फूस असे. तुम्ही तो स्वतःच्या तोंडी घेऊ नका, कोण म्हणालं ते सांगून द्या. काही कृष्णवर्णीय कार्यकर्ते याच तीन दिवसांना "उठाव" म्हणत, त्यालाही तोच नियम.

विश्रामबागकर (सांगली)

खिळेजुळारी, क्रियापदाचं पटलं. पण मग अफवेचं काय? तुम्ही ती पहिल्याच परिच्छेदात घेतली. खोटी असेल तर छापून आपणच पसरवल्यासारखं नाही का?

खिळेजुळारी (सातारा)

अफवा गाळली तर राग कशाने भडकला ते कळत नाही, म्हणजे जमाव वेडाच ठरतो. ती घ्यायची, पण एकटी सोडायची नाही. पुढच्याच परिच्छेदात काय घडलं ते : हात्झोला ही ज्यूंची स्वयंसेवी रुग्णवाहिका आली. जमाव चालकाला मारत होता, म्हणून त्याला आणि त्याच्या सोबत्यांना तिथून हलवा असं पोलिसांनीच तिला सांगितलं. गेव्हिनला शहराच्या रुग्णवाहिकेने किंग्ज काउंटी रुग्णालयात नेलं. हात्झोलाच्याच दुसऱ्या गाडीतल्या स्वयंसेवकांनी शहराची दुसरी रुग्णवाहिका येईपर्यंत अँजेलाला मदत केली. हा शेवटचा तपशील बहुतेक लेखांत गळतो.

आणि पुढे एक वाक्य असंही हवं : बघणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ज्यूंची रुग्णवाहिका ज्यू चालकाला घेऊन निघून गेली, हे खरं होतं. कारण दिसत नव्हतं, हुकूम ऐकू येत नव्हता. लोकांनी जे पाहिलं ते खोटं नव्हतं, लावलेला अर्थ चुकीचा होता.

अजिंक्यतारा

माणदेशींच्या तीन भागांवर माझा आक्षेप आहे. भाग पाडले की पोलीस आणि महापालिका कुठल्याच भागात नीट बसत नाहीत, आणि दोन्ही समाजांचं बोट तर त्यांच्याकडेच होतं. कृष्णवर्णीय म्हणत होते, पोलीस ज्यूंचे. ज्यू म्हणत होते, कृष्णवर्णीय महापौराने पोलिसांना हात बांधून उभं केलं. डेव्हिड डिंकिन्स हे शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर, त्यामुळे हा आरोप चिकटला आणि १९९३ च्या निवडणुकीत त्यांचे प्रतिस्पर्धी रुडी जुलियानींनी तो पुरेपूर वापरला.

लेख "कृष्णवर्णीय विरुद्ध ज्यू" असा दोन खांबांवर उभा केलात तर तिसरा खांब सुटतो. राज्याचे गव्हर्नर मारियो क्युओमो यांनी चौकशी लावली, रिचर्ड गिरजेंटी यांचा अहवाल जुलै १९९३ मध्ये आला. त्याने पोलीस आयुक्त ली ब्राउन यांच्यावर आणि महापौरांवर टीका केली, की परिस्थिती हाताबाहेर जाताना यंत्रणा वेळेवर हलली नाही. पण महापौरांनी पोलिसांना मागे राहायचा हुकूम दिल्याचा पुरावा मिळाला नाही, हेही त्याच अहवालात आहे. बहुतेक लेखक यातलं आपल्याला हवं ते अर्धं उचलतात. २२ ऑगस्टला १८०० च्या वर पोलीस उतरले तेव्हा आग विझली. म्हणजे बळ होतं, वापरलं उशिरा.

शिवाय कृष्णवर्णीयांच्या तक्रारी माणदेशींनी एका दमात उरकल्या आहेत. "त्यांना वाटत होतं की" असं लिहिलं की तक्रार हवेत जाते. १९७८ मध्ये याच वस्तीत १६ वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलाला हासिदी ज्यू तरुणांनी (लुबाविच हा हासिदी पंथांपैकीच एक) बेशुद्ध पडेपर्यंत मारलं होतं. त्याच वर्षी एक कृष्णवर्णीय व्यावसायिक पोलिसांशी झालेल्या झटापटीत मेला. ताफ्यासोबतची पोलिसांची गाडी ही भावना नव्हती, त्या रात्रीही ती गाडी पुढे होती. सिद्ध झालेल्या गोष्टींना "वाटत होतं" लावू नका. आणि हाच नियम उलट बाजूला : लुबाविच कुटुंबांवरचे रस्त्यावरचे हल्लेही "त्यांना असुरक्षित वाटे" एवढ्यावर गुंडाळू नका.

माणदेशी (दहिवडी)

मान्य. कोर्ट-चौकशीच्या ६०० शब्दांतून पोलिसांना बाहेर काढा आणि हिंसेच्या भागातच, दिवसागणिक गुंफा. १९ ला काय केलं, २० ला काय केलं, २२ ला काय बदललं.

अजिंक्यतारांच्या शेवटच्या मुद्द्याला एक पुरवणी. भाषणं आणि फलक. २६ ऑगस्टला गेव्हिनच्या अंत्यविधीत कृष्णवर्णीय कार्यकर्ते अल शार्प्टन यांनी हिरे व्यापाऱ्यांचा आणि दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदाचा उल्लेख केला, त्याचा रोख ज्यूंवर होता. हिटलरने काम पुरं केलं नाही अशा अर्थाचा फलकही तिथे झळकला. हे गाळू नका. पण त्यांचं भाषण म्हणजे गेव्हिनच्या आईबापांचं म्हणणं नव्हे, हेही त्याच ओळीत यावं. २०११ मध्ये शार्प्टन यांनी स्वतः लिहिलं की आमची भाषा आणि सूर यांनी कधीकधी तणाव वाढवला. हे दिलं तर चित्र पुरं होतं.

विश्रामबागकर (सांगली)

संपादकांना फोनवर हे सगळं सांगितलं. त्यांचं म्हणणं, "शब्द मोजून सारखे दिले की कुणी बोट दाखवू शकत नाही." याला काय उत्तर द्यायचं?

माणदेशी (दहिवडी)

त्यांना या प्रकरणातलाच खटला सांगा, लेखातही तो येऊ द्या.

लेमरिक नेल्सन, त्या वेळी वय १६, याला रोझेनबामच्या खुनाच्या आरोपातून ऑक्टोबर १९९२ मध्ये राज्याच्या न्यायालयात ज्युरीने निर्दोष सोडलं. रोझेनबामने मरण्याआधी त्याला ओळखलं होतं, तरी. पुढे केंद्र सरकारने नागरी हक्कभंगाचा खटला भरला. १९९७ मध्ये नेल्सन आणि त्याचा सहआरोपी चार्ल्स प्राइस दोघे दोषी ठरले, नेल्सनला साडेएकोणीस वर्षं, प्राइसला त्याहून जास्त.

आता गंमत बघा. जानेवारी २००२ मध्ये अपील न्यायालयाने हा निकाल रद्द केला. कारण काय, तर खटल्याच्या न्यायाधीशाने ज्युरीत कृष्णवर्णीय आणि ज्यू यांचा समतोल दिसावा म्हणून वंश आणि धर्म पाहून माणसं बसवली होती. आपण निष्पक्ष राहू शकू की नाही याची खात्री नाही, असं स्वतः सांगणारा एक ज्यू सदस्यही त्यात घेतला. हेतू चांगला होता, सगळ्यांना निकाल आपला वाटावा. पण डोकी मोजून भरलेली ज्युरी निष्पक्ष ठरत नाही, आणि खटला परत सुरुवातीपासून.

२००३ मधल्या फेरसुनावणीत नेल्सनच्या वकिलांनी भोसकल्याचं मान्य केलं. ज्युरीने नागरी हक्कभंगाचा दोष ठेवला, मात्र त्या कृत्याने मृत्यू झाला हे सिद्ध मानलं नाही. शिक्षा १० वर्षं. म्हणून लेखात नेल्सनला "खुनी" लिहू नका आणि "निर्दोष सुटलेला" एवढंच लिहूनही थांबू नका. रोझेनबामच्या छातीतली एक जखम रुग्णालयात वेळेवर लक्षातच आली नव्हती. त्याबद्दल शहराने २००५ मध्ये कुटुंबाशी १२.५ लाख डॉलरला तडजोड केली. ही माहिती द्या, पण जपून : ती दिली की "डॉक्टरांमुळे गेला" असा अर्थ काढणारे वाचक भेटतील. म्हणून भोसकल्याचं वाक्य आधी, रुग्णालयाचं नंतर.

वाईकर

सगळे न्यूयॉर्कमध्ये रमलेत. वाचणारा सांगलीचा आहे, तो काय घेऊन येतो त्याकडे बघा.

कृष्णवर्णीयांच्या लढ्याबद्दल मराठी वाचकाच्या मनात आधीच जागा आहे. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नावच ब्लॅक पँथरवरून घेतलं, तेव्हापासूनची ती ओळख. ज्यू म्हटलं की आपल्याला अलिबागकडचे बेने इस्रायल आठवतात, मराठी बोलणारे, शेजारचे. लुबाविच त्यांच्याहून फार वेगळे : काळा कोट, टोपी, दाढी, एका गुरूभोवती बांधलेला हासिदी पंथ. हे दोन ओळींत सांगितलं नाहीत तर वाचक चुकीचं चित्र रंगवेल. बऱ्याच जणांना मुख्यालयाचा पत्ता, ७७० ईस्टर्न पार्कवे, सांगून काही कळणार नाही. पण २६ नोव्हेंबर २००८ ला हल्ला झालेलं नरिमन हाउस याच पंथाचं केंद्र होतं आणि तिथे मारले गेलेले रब्बी गॅव्हरिएल होल्ट्झबर्ग क्राउन हाइट्समध्येच वाढले, हे सांगितलं की लगेच लागतं.

मात्र इथेच पारडं झुकतं. नरिमन हाउसचा उल्लेख केलात की वाचकाची सहानुभूती एका बाजूला गेली. मग केटो कुटुंबालाही तसाच धागा द्या. गयाना म्हणजे क्रिकेटपटू क्लाइव्ह लॉइडचा देश. आपल्याकडे साठीच्या पुढच्या कुठल्याही माणसाला तेवढं पुरे. कॅरिबियन मंडळी आणि अमेरिकेत पिढ्यानपिढ्या राहिलेले आफ्रिकी वंशाचे लोक एक नव्हेत, हेही त्याच वाक्यात बसतं. एकाला धागा आणि दुसऱ्याला नुसतं "स्थलांतरित कुटुंब", असं नको.

शब्दांचं : "कृष्णवर्णीय" शेवटपर्यंत तेच ठेवा, मध्येच "निग्रो" आणि "काळे" नको, जुन्या मराठी पुस्तकांतून उचलताना ते हळूच शिरतात. "ज्यू" आणि "यहुदी" यांतलं एक ठरवा. "ज्यू लॉबी", "घेट्टोतले तरुण" असली तयार जोडनावं टाळा. विशेषणांची अदलाबदल करून बघा : "आक्रमक कृष्णवर्णीय तरुण" लिहिलंत तर "आक्रमक ज्यू तरुण" तुम्ही लिहिलं असतं का? "धनाढ्य ज्यू" लिहिलंत तर तुमच्याजवळ आकडा आहे का? लुबाविच कुटुंबं मोठी आणि त्यातली बरीच बेताच्या कमाईची होती.

पार्श्वभूमीत १९६४ चं मिसिसिपी एका वाक्यात घ्या. मतदारनोंदणीसाठी गेलेले जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर, एक कृष्णवर्णीय आणि दोन ज्यू, एकत्र मारले गेले. पण लगेच १९६८ चा ओशन हिल-ब्राउन्सव्हिलचा शिक्षक संपही घ्या (एकीकडे कृष्णवर्णीयांच्या हातातलं स्थानिक शाळा मंडळ, दुसरीकडे बहुतांशी ज्यू शिक्षकांची संघटना), तो ब्रुकलिनमधलाच आणि तिथूनच दोन्ही समाजांत न्यूयॉर्कपुरती दरी रुंदावली. नुसतं पहिलं घेतलं तर लेख भाबडा होतो, नुसतं दुसरं घेतलं तर वैर जन्मजात वाटतं.

अजिंक्यतारा

वाईकर, लॉइड एक नंबर.

विश्रामबागकर (सांगली)

आराखडा बदलला. गेव्हिनपासून सुरुवात, घड्याळाप्रमाणे पुढे, आधीची वर्षं मध्ये. संपादकांनी खटल्याचा भाग वाचून "बरं, शब्द मोजत नाही" म्हटलंय. आता त्यांना दोन फोटो आणि एक चौकट हवी आहे. फोटोंत काय पाहायचं?

खिळेजुळारी (सातारा)

जळकी पोलीस गाडी आणि प्रार्थनेतले दाढीवाले ज्यू, अशी जोडी संपादक निवडतील, सगळे तीच निवडतात. नको म्हणा. एक समाज आगीच्या बाजूला बसतो, दुसरा देवाच्या. गेव्हिन आणि यांकेल या दोघांचे चेहरे, सारख्या आकारात, शेजारी शेजारी घ्या. ते मिळाले नाहीत तर त्या चौकाचा नकाशा काढून घ्या. ओळींत नाव, वय, काय झालं, कधी, बस. आणि हक्क विचारून फोटो घ्या, गुगलवरून उचलू नका.

चौकटीत तारखा द्या, मतं नकोत : १९ ऑगस्ट १९९१, ऑक्टोबर १९९२, जुलै १९९३, १९९७, २००२, २००३. पुढे महापौर झालेल्या जुलियानींनी १९९८ मध्ये शहराच्या वतीने ज्यू रहिवाशांची माफी मागितली, ती तारीखही घाला. गेव्हिनचे वडील कार्मेल केटो आणि यांकेलचा भाऊ नॉर्मन रोझेनबाम पुढे एकमेकांना भेटले, हे चौकटीत नको, मूळ लेखात कोर्टाच्या भागानंतर एका वाक्यात घ्या. त्यावर समेटाची गोड कहाणी रचायचा मोह संपादकांना होईल, त्यांना रचू देऊ नका.

मथळा शेवटी ठरवा, आणि प्रूफ आलं की आधी तोच तपासा. "कृष्णवर्णीय-ज्यू संघर्षाची तीन दशके" असलं काही डोक्यावर बसवून देतील, आणि खाली तुम्ही केलेलं सगळं पाण्यात.